सुगंधी तेलांची घरगुती छाननी

गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्यातील नौपाड्याच्या घरी इसेन्शियल ऑइलच्या लहान लहान बाटल्यांनी भरलेली एक पेटी आली. ती माझ्या धाकट्या जाऊबाईंनी कोपरखैरण्याहून आणली होती. थेट विक्री करणाऱ्या एका कंपनीच्या त्या नुकत्याच सभासद झाल्या होत्या आणि पेटीसोबत आलेल्या माहितीपत्रकात निद्रानाश, गुडघेदुखी, सर्दी, मुरुमे, अपचन आणि मुलांची एकाग्रता अशा प्रत्येक तक्रारीसमोर एकेका बाटलीचे नाव छापलेले होते. घरात माझ्या सासूबाई, माझे पती, दहावीतली पुतणी आणि अधूनमधून राहायला येणारा माझा दीड वर्षांचा नातू असल्यामुळे यादीतील जवळजवळ प्रत्येक तक्रारीला आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतेच. बाटल्या लगेच उघडाव्यात अशी सर्वांची इच्छा होती. मी मात्र आधी त्या तपासून पाहू द्या, अशी विनंती केली.

त्यामागे कारण होते. निवृत्त होईपर्यंत मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात गुणनियंत्रण प्रयोगशाळेत काम केले. लॅव्हेंडर, गवती चहा, पुदिना, वाळा ही तेले माझ्यासमोर पिंपांतून येत असत. ती खरी आहेत का, शुद्ध आहेत का आणि मागच्या मालाशी जुळतात का, एवढेच पाहणे माझे काम होते. त्यांचा माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न आमच्या टेबलावर कधी आला नाही. त्यामुळे ही पेटी म्हणजे जुन्या कामाचा राहून गेलेला उत्तरार्ध आहे असे मला वाटले आणि मी तो सावकाश, वहीत नोंदी करत पूर्ण करायचे ठरवले.

पहिला टप्पा लेबलांच्या वाचनाचा होता आणि बऱ्याच बाटल्या तिथेच बाजूला पडल्या. इसेन्शियल ऑइल हे खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखे स्निग्ध तेल नसते. वनस्पतीच्या पानाफुलांतील, सालीतील किंवा मुळांतील उडून जाणारी द्रव्ये बहुधा वाफेच्या साहाय्याने वेगळी काढून ते मिळवले जाते. लिंबूवर्गीय फळांची तेले मात्र साल दाबून काढतात. म्हणून बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, काढण्याची पद्धत आणि बॅच क्रमांक असणे ही मी किमान अट मानते. ‘निलगिरी’ एवढेच लिहिलेले असेल तर अर्थबोध होत नाही, कारण सिनिओल हे झणझणीत वासाचे द्रव्य भरपूर असलेली निलगिरीची जात वेगळी आणि लिंबासारखा वास देणारी सिट्रोनेलालयुक्त जात वेगळी. पेटीतील गुलाब आणि मोगऱ्याच्या बाटल्यांवर यांपैकी काहीच नव्हते आणि त्यांची किंमत संत्र्याच्या तेलाइतकीच होती. एक किलो गुलाब तेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात. त्या भावात खरे गुलाब तेल अत्तरांच्या कनौज शहरात ते गाळण्याच्या भपक्यापाशी उभे राहूनही कोणाला मिळणार नाही. त्या दोन बाटल्या म्हणजे कृत्रिम सुवास होते. ते खोलीत दरवळण्यापुरते ठीक, अंगाला लावण्यासाठी नव्हे.

उरलेल्या बाटल्यांचा एकेक थेंब मी पांढऱ्या टिपकागदाच्या पट्ट्यांवर टाकला आणि पट्ट्या स्वयंपाकघरापासून दूर, बैठकीच्या खोलीत दोरीला अडकवून ठेवल्या. ही परीक्षा कोणालाही करता येते. लॅव्हेंडर, पुदिना, निलगिरी यांचा डाग काही वेळाने नाहीसा व्हायला हवा. मागे तेलकट वर्तुळ उरले तर त्यात स्वस्त स्निग्ध तेल मिसळले आहे असा संशय घ्यावा. वाळा आणि चंदन यांना हा नियम लागू नाही, कारण ती मुळातच जड असतात आणि रेंगाळतात. वासाकडेही टप्प्याटप्प्याने लक्ष द्यावे लागते: अस्सल तेलाचा वास पहिल्या काही मिनिटांत एक असतो, तासाभराने दुसरा आणि दुसऱ्या दिवशी तिसरा. पेटीतील चमेलीची पट्टी आठवडाभर तोच एक सूर लावून बसली होती, एवढे सांगितले तरी पुरे.

तथापि कागद केवळ ढोबळ भेसळ पकडतो. लॅव्हेंडरची बाटली कागदावर निर्दोष ठरली, पण मला तिचा वास जरा जास्तच गोड आणि सरळ वाटला. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीने महापे येथील एका प्रयोगशाळेत तिचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रावर, चालवून घेता आला. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे दोन घटक मिळून साधारणतः निम्म्याहून अधिक भरतात. आमच्या नमुन्यातही ते तसेच भरले आणि साध्या आलेखावर तेल उत्तीर्ण झाले. परंतु या दोन्ही रेणूंची डाव्या-उजव्या हातमोज्यांप्रमाणे दोन रूपे असतात. लॅव्हेंडरचे झाड जवळजवळ सर्वस्वी एकच रूप बनवते, तर कारखान्यात तयार केलेल्या मालात दोन्ही रूपे सारख्या प्रमाणात येतात. ही रूपे वेगळी करणाऱ्या खास स्तंभातून नमुना गेला, तेव्हा तिथे दोन्ही शिखरे शेजारी शेजारी उभी राहिली. म्हणजे खरे तेल थोडे आणि वाढवलेले जास्त. कंपनीला मी तसे कळवले. उत्तरादाखल नवे माहितीपत्रक आले.

त्याऐवजी मी जम्मू भागातील भदेरवाह येथील लॅव्हेंडर मागवले. तिथे सीएसआयआर या केंद्रीय संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून मक्याच्या शेतांत लॅव्हेंडरची लागवड झाली आहे आणि तेल तिथेच काढले जाते. या बाटलीवर शास्त्रीय नाव, बॅच आणि विश्लेषणाचा कागद होता आणि वासात ती किंचित कडवट, गवताळ छटा होती, जी मला कारखान्यातल्या चांगल्या पिंपांवरून आठवत होती.

यानंतरचे काम प्रमाणाचे होते आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा तोच आहे. माहितीपत्रकात सर्वत्र थेंब सांगितलेले होते. मी दोन बाटल्यांतील वीस-वीस थेंब सोन्याच्या काट्यासारख्या लहान डिजिटल काट्यावर तोलून पाहिले, तर वजनात चांगलाच फरक आला. थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडावरील छिद्रावर आणि तेलाच्या दाटपणावर अवलंबून असतो, त्यामुळे थेंब हे माप नव्हे, अंदाज आहे. प्रौढांच्या अंगाला लावायच्या तेलासाठी दोन टक्के आणि म्हाताऱ्या, पातळ झालेल्या त्वचेसाठी एक टक्का हे प्रमाण मी धरले. पन्नास ग्रॅम तिळाच्या तेलात एक टक्का म्हणजे अर्धा ग्रॅम लॅव्हेंडर. काटा नसलेल्यांनी तीस मिलिलिटर तेलात पाच-सहा थेंब धरावेत. जांभळी नाक्याजवळून लाकडी घाण्याचे तिळाचे तेल आणले, गडद रंगाच्या काचेच्या बाटल्या घेतल्या आणि प्रत्येक मिश्रणावर प्रमाण व तारीख लिहिली. बाटली उघडल्याची तारीख लिहिणे हा पोकळ शिस्तीचा भाग नाही. लॅव्हेंडरमधील लिनालूल आणि लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनिन यांचा हवेशी संयोग होऊन जी द्रव्ये बनतात, ती मूळ तेलापेक्षा त्वचेला कितीतरी अधिक ॲलर्जी देणारी असतात. ठाण्याच्या उकाड्यात खिडकीत ठेवलेली अर्धी बाटली लवकर बिघडते. म्हणून आमच्या तेलांची पेटी आता फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीच्या मागे असते.

मिश्रण तयार झाल्यावर ते प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहिली. पुतणीच्या हातावर लवंगयुक्त मिश्रणाने लाल चट्टा उठला. लवंग आणि दालचिनीच्या बाबतीत हे नवल नव्हे; ही दोन्ही तेले त्वचेला फार तिखट असतात. लवंगेतील युजेनॉल दंतवैद्य झिंक ऑक्साइडसोबत दातात भरतात, ते तिथे शोभते.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी जे तयार मिश्रण पेटीत होते, त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि ते त्यांना लावू दिले नाही. घटकांच्या यादीत विंटरग्रीन या झुडपाचे तेल होते. या तेलाचा जवळजवळ सर्व भाग मिथाइल सॅलिसिलेट असतो. दुखण्यावरच्या बामांना जो ओळखीचा वास असतो तो याचाच. ते ॲस्पिरिनच्या कुळातले आहे आणि त्वचेतून शरीरात शिरते. एक चहाचा चमचा शुद्ध विंटरग्रीन तेल पोटात गेल्यास ते ३२५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके भरते. सासूबाईंच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याने त्यांना रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरिनची गोळी चालू आहे आणि सॅलिसिलेट त्या गोळीचा परिणाम वाढवून रक्तस्रावाचा धोका निर्माण करू शकते. मी बाटली घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी यादी नीट वाचली आणि स्पष्ट नकार दिला. दुकानात मिळणारे सॅलिसिलेटयुक्त बामही रोज चोळू नका, असे बजावले. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला आमच्या घरात त्या दिवसापासून कोणी मान डोलावत नाही.

गुडघ्यांना मग साधे कोमट तिळाचे तेल आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम राहिले. लॅव्हेंडरचे एक टक्का मिश्रण मी सासूबाईंच्या पायांना आणि तळव्यांना रात्री लावू लागले, ते झोपेसाठी. त्यांची तक्रार अशी होती की, रात्री अंथरुणावर पडल्यावर तासन्‌तास डोळा लागत नाही आणि लागला तर लघवीसाठी उठावे लागते. सुगंधाचा परिणाम होण्यात काही अशक्य नाही. नाकातील गंधग्राही पेशींचा संदेश मेंदूत भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांत फार जवळच्या वाटेने पोहोचतो. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या प्रमाणित कॅप्सूलवर चिंताविकाराच्या संदर्भात चांगले अभ्यास झाले आहेत. पण तो पोटातून घेण्याचा, ठरावीक घटकांचा औषधी प्रकार आहे आणि त्याचा दाखला देऊन बाजारातील कोणतीही बाटली प्यायला सांगणे हा लबाडपणा आहे. आमचे माहितीपत्रक नेमके तेच करत होते.

म्हणून मी निदान घरापुरती तरी तुलना करून पाहिली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काही रात्रींवर लॅव्हेंडरची खूण, काही रात्रींवर नुसत्या तिळाच्या तेलाची खूण आणि काही रात्री काहीच न लावता, असा क्रम आखला. सकाळी सासूबाई झोप कशी लागली ते सांगत आणि मी लिहून ठेवत असे. वासाच्या बाबतीत आंधळी परीक्षा, म्हणजे काय लावले ते कळू न देता केलेली तुलना, शक्य नसते; नाक सगळे ओळखते, शिवाय सासूबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात “आज वासाचं नाही का गं?” असे विचारून माझा सगळा आराखडा उघडा पाडला. तरीही नोंदींतून जे दिसले ते असे. पाय चोळलेल्या रात्री न चोळलेल्या रात्रींपेक्षा ठळकपणे चांगल्या होत्या, मग तेल कोणतेही असो. लॅव्हेंडर असलेल्या रात्री त्यांना झोप थोडी लवकर लागे. मध्यरात्रीचे उठणे मात्र कशानेही कमी झाले नाही. ते पुढे डॉक्टरांनी संध्याकाळच्या गोळीची वेळ बदलली तेव्हा कमी झाले.

यातला किती वाटा लॅव्हेंडरचा आणि किती ठरलेल्या वेळी कोणीतरी शेजारी बसून पाय चोळण्याचा, हे मला वेगळे करता आलेले नाही. मला तसे करण्याची आता निकडही वाटत नाही. वास आला की झोपायची वेळ झाली, अशी त्यांच्या मनाला सवय लागली आहे आणि अर्ध्या ग्रॅमच्या खर्चात झोपेच्या गोळीची मागणी थांबली आहे. हे या तेलाचे माफक पण खरे यश मानायला माझी हरकत नाही.

पुतणीच्या मुरुमांचे प्रकरण त्यामानाने सरळ होते. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टी ट्री या तिथल्याच झाडाच्या पाच टक्के तेलाच्या जेलची तुलना मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधाशी, पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी, केली होती. दोन्हींचा गुण आला, टी ट्रीचा सावकाश आला, पण त्वचा कोरडी पडण्याचा त्रास त्यात कमी होता. माहितीपत्रकात बाटलीतले तेल तसेच कापसाने लावा असे म्हटले होते, म्हणजे त्या अभ्यासाच्या वीसपट. आम्ही पाच टक्क्यांचे तयार जेल औषधांच्या दुकानातून घेतले. मुरुमे ओसरायला बोर्डाच्या सराव परीक्षेपर्यंतचा काळ लागला आणि परीक्षेच्या ताणाने दोन पुन्हा आली.

माझे पती रोज ठाणे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा लोकलचा प्रवास करतात आणि संध्याकाळी कपाळ आवळून घरी येतात. त्यांच्यासाठी पुदिना तेल ठेवले. दहा टक्के पुदिना तेलाचे अल्कोहोलमधील द्रावण कपाळाला लावल्याने ताणामुळे होणारी डोकेदुखी कमी होते, असे जर्मनीतील अभ्यासांत आढळले आहे. पुदिन्यातील मेंथॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चेतवते, त्यामुळे कपाळ प्रत्यक्षात थंड न होताही गार वाटते. आम्ही खोबरेल तेलात पाच टक्केच ठेवले, डोळ्यांपासून दूर लावले आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागले. तसे पाहिले तर आमच्या आधीच्या पिढ्यांना हे नवे नव्हतेच. कापूर, पुदिन्याचे फूल (मेंथॉलचे खडे) आणि ओव्याचे फूल (ओव्यातील थायमॉलचे खडे) एकत्र ठेवले की तिन्ही घन पदार्थ वितळून द्रव होतात. तीच अमृतधारा माझ्या माहेरी प्रवासाच्या पिशवीत कायम असे.

ही आठवण निघाली की नातवाचा विषय निघतो आणि तिथे माझा सासूबाईंशी थोडा वाद झाला. बाळाला सर्दी झाली की उशीखाली कापराची पुरचुंडी ठेवायची, छातीला निलगिरी चोळायची, ही त्यांची पद्धत. त्यांनी पाच मुले तशीच वाढवली आणि ती सर्व धडधाकट आहेत, हे त्यांचे म्हणणे मला खोडता येण्यासारखे नव्हते. परंतु कापूर लहान मुलाच्या पोटात अगदी थोडा गेला तरी आकडी येऊ शकते, निलगिरी तेलाचेही तसेच, आणि तान्ह्या मुलाच्या नाकाशी तीव्र मेंथॉल आले तर श्वास अडखळू शकतो. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलायला लावले. त्यांनी “आजी, पूर्वी कापूर उंच डबीत असायचा, आता रांगणाऱ्याच्या हाताशी असतो,” असे म्हटल्यावर त्या मानल्या. आता नाकात सलाईनचे थेंब घालतो आणि तेलांची पेटी कुलूपबंद असते. एखाद्या मुलाने तेल गिळलेच, तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे, अशी चिठ्ठी पेटीच्या झाकणाला चिकटवली आहे.

तेलाचा वास खोलीत पसरवणाऱ्या डिफ्यूझरबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून लावावा. शेजारच्या घरात दमा आणि एक मांजर असल्याने आम्ही तो बाल्कनीच्या बाजूला लावत नाही. टी ट्रीसारखी तेले मांजरांना विषारी ठरतात, कारण ती शरीराबाहेर टाकण्याची यकृताची एक व्यवस्था त्यांच्यात फार दुबळी असते. सिट्रोनेला या गवताच्या तेलाने डास पळतात खरे, पण ते इतक्या लवकर उडून जाते की, खाडीकडून येणाऱ्या ठाण्याच्या डासांना तो केवळ मध्यंतर वाटतो. जाळ्या कायम आहेत.

जाऊबाईंशी बोलणे उरले होते. त्या स्वतः रोज सकाळी पाण्यात लिंबाच्या तेलाचे थेंब टाकून पीत होत्या. मी काचेच्या पेल्यात त्यांच्यासमोर तेच केले. तेल पाण्यात विरघळत नाही; थेंब वर तरंगत राहतात आणि ओठाला, घशाला, अन्ननलिकेला तसेच लागतात. त्यांनी पेल्याकडे बराच वेळ पाहिले आणि गेले काही दिवस छातीत जळजळ होत असल्याचे सांगितले. लिंबू आणि बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळांची दाबून काढलेली तेले अंगाला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळवंडते, हेही मी त्यांना सांगितले, कारण त्यांच्या एका ग्राहक बाई पाम बीच रस्त्यावर सकाळी धावायला जातात. त्यांनी विक्री सोडलेली नाही आणि सोडावी असा माझा आग्रहही नव्हता. विंटरग्रीनचे मिश्रण मात्र त्यांनी यादीतून काढले आहे आणि ग्राहकाला आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारतात. नवीन बॅच आली की कोपरखैरण्याहून कागदाच्या पट्ट्या पाकिटात घालून माझ्याकडे पाठवतात. मागच्या खेपेच्या गवती चहाच्या तेलात मला काही खोट सापडली नाही, तसे मी त्यांना कळवले आहे.